पावसाळ्यात खुराड्यात ओल, वास आणि शिंका: दरवर्षी परतणाऱ्या तक्रारीचे मूळ

नवी मुंबईतल्या घणसोली गावठाणात आमच्या घरामागे १८ फूट लांब आणि १२ फूट रुंद एवढे परस आहे आणि त्यात आम्ही सहा कोंबड्या पाळतो. चार गावरान आणि दोन गिरिराज या जड जातीच्या. पहिली दोन वर्षे आमच्याकडे एकच तक्रार ठरल्या वेळी येत असे. जूनच्या मध्यावर पाऊस बसला की आठ-दहा दिवसांत खुराड्यातला भुसा ओला होऊन त्याच्या ढेपा होत, सकाळी दार उघडताच नाकाला झोंबणारा वास येई, जुलै उजाडेपर्यंत एखाददुसरी कोंबडी शिंकू लागे, तिच्या डोळ्यांच्या कडा ओलसर दिसत आणि खोक्यातली अंडी मळलेली निघत. गणपतीपर्यंत हे चाले, दसऱ्याच्या सुमारास ऊन पडू लागले की सारे आपोआप थांबे. आपोआप थांबत असल्यामुळेच आम्ही त्याला ऋतूचा आजार समजत राहिलो आणि खुराड्याकडे कधी संशयाने पाहिले नाही.

तिसऱ्या वर्षी खुराडे मोडून नवे बांधले आणि तक्रार जवळजवळ संपली. मधल्या काळात काय चुकले, ओल कुठून येते हे कसे तपासले आणि या हवेत कोंबड्यांसाठी कसे घर निवडावे, हे इथे सविस्तर लिहितो. ऐरोली, कोपरखैरणे, दिवाळे, नेरुळ, तसेच ठाण्यात कोलशेत, बाळकुम, ओवळे अशा गावठाणांतून आजही घरोघरी चार-सहा कोंबड्या दिसतात आणि जवळपास प्रत्येकाकडे पावसाळ्यात हीच रड ऐकू येते.

पहिल्या दोन वर्षांतले उपाय आणि ते का फसले

आमचे पहिले खुराडे तयार विकत घेतलेले होते. लाकडी, रंगवलेले, ४ फूट लांब आणि २ फूट रुंद, वर पत्र्याचे छप्पर, एका बाजूला लहानशी जाळीची खिडकी. विक्रेत्याने ते आठ कोंबड्यांसाठी पुरेसे असल्याचे सांगितले होते आणि आमच्याकडे तर सहाच होत्या, म्हणून आम्ही निश्चिंत होतो. पावसात खिडकीतून पाणी येताना दिसले तेव्हा पहिला उपाय म्हणून आम्ही साऱ्या खुराड्याला ताडपत्री गुंडाळली. बाहेरचे पाणी अडले, परंतु चारच दिवसांत आतला वास दुप्पट झाला.

कारण समजून घेण्यासाठी थोडा हिशेब करावा लागतो. एक मोठी कोंबडी दिवसाला साधारण १०० ते १२० ग्रॅम ओली विष्ठा टाकते आणि तिच्यात सुमारे तीन चतुर्थांश पाणीच असते. सहा कोंबड्यांचे मिळून रोज अर्धा लिटरच्या आसपास पाणी झाले, आणि त्यातले निम्मे रात्री, म्हणजे खुराड्याच्या आतच पडते. शिवाय कोंबडीला घामाच्या ग्रंथी नसतात. शरीरातली उष्णता ती श्वासावाटे, बाष्पाच्या रूपाने बाहेर टाकते. हे सगळे पाणी हवेवाटे निघून जायला हवे. उन्हाळ्यात ते लहान खिडकीतूनही निघून जाते, कारण बाहेरची हवा कोरडी असते. जुलैत बाहेरची हवाच ओलीने भरलेली असते, तेव्हा तेवढेच बाष्प नेण्यासाठी कितीतरी जास्त हवा आतबाहेर व्हावी लागते, आणि नेमक्या त्याच दिवसांत आपण ताडपत्री ओढून उरलीसुरली फट बंद करतो.

कोंबडीच्या विष्ठेतला पांढरा भाग हा युरिक आम्लाचा असतो. ओल आणि ऊब मिळाली की जिवाणू त्याचे विघटन करतात आणि अमोनिया वायू तयार होतो. वास येतो तो त्याचाच. हा वायू श्वासनलिकेच्या आतल्या सूक्ष्म केसांना इजा करतो. धूळ आणि जंतू बाहेर लोटण्याचे काम हेच केस करत असल्यामुळे ते दुबळे झाले की साधे जंतूही आत ठाण मांडतात आणि शिंका, नाकातून पाणी, डोळे चिकटणे सुरू होते. आमच्या कोंबड्यांना पशुवैद्यांनी दिलेल्या औषधाने दोन्ही वर्षी उतार पडला आणि दोन्ही वर्षी तीन आठवड्यांत शिंका परत आल्या. औषधात खोट नव्हती. बरी झालेली कोंबडी आम्ही रोज संध्याकाळी पुन्हा त्याच हवेत कोंडत होतो.

दुसरा उपाय होता चुन्याचा. शेजारच्या काकूंनी सांगितले म्हणून ओल्या भुश्यावर चुन्याची भुकटी पसरली. त्या दिवशी संध्याकाळी वास इतका वाढला की कोंबड्या आत जाईनात. ओल्या विष्ठेत चुना पडला की ती अधिक अल्कधर्मी होते आणि तिच्यात अडकलेला अमोनिया भराभर हवेत सुटतो. काकूंचा सल्ला अगदीच चुकीचा नव्हता, कारण रिकाम्या, घासून वाळवलेल्या खुराड्याच्या भिंतींना आणि फटींना चुन्याची सफेदी देणे फार चांगले. परंतु कोंबड्या आत राहत असताना ओल्या भुश्यावर चुना टाकू नये.

तिसरा उपाय म्हणजे रोज वरून कोरडा भुसा घालणे. वरचा थर कोरडा दिसे, खाली चार बोटांवर काळा चिखल साचत राही.

आधी ओल कुठून येते ते शोधा

दुसऱ्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये, आणखी काही विकत घेण्याआधी, आम्ही चार दिवस फक्त तपासणी केली. माझ्या मते साऱ्या प्रयत्नांत हेच चार दिवस सर्वांत उपयोगी ठरले, कारण खुराड्यात ओल चार वाटांनी येते आणि प्रत्येक वाटेचा इलाज वेगळा असतो: वरून गळते, बाजूने झड येते, खालून जमीन पाझरते, आणि आतून कोंबड्यांचीच ओल साचते.

जमिनीची ओल तपासण्यासाठी खुराड्याच्या तळावरचा भुसा एका कोपऱ्यात हातभर बाजूला केला, तिथे वर्तमानपत्राचा एक कागद अंथरला, त्यावर प्लॅस्टिकचा तुकडा, त्यावर दुसरा कागद ठेवला आणि चारही कडांना विटांचे तुकडे लावले. रात्र कोरडी गेली होती, तरी सकाळी खालचा कागद उचलताच हाताला लागून फाटला. वरचा जवळपास कोरडा होता. म्हणजे आमच्या बाबतीत पाणी जमिनीतून वर चढत होते. खुराड्याचे पाय जेमतेम ३ इंच उंच होते आणि त्यांच्याभोवतीची लादी भिंतीच्या बाजूला उतरती होती, त्यामुळे परसातले पाणी खुराड्याखाली थांबून राही.

झड ओळखण्यासाठी आतल्या फळ्यांवर, तळापासून वीतभर अंतराने, खडूच्या आडव्या रेघा मारल्या. एका पावसाळी रात्रीनंतर पश्चिमेकडच्या फळीवरच्या सगळ्या रेघा पुसल्या गेल्या होत्या. ठाण्याची खाडी आमच्या पश्चिमेला आहे आणि पावसाचा वारा नैऋत्येकडून, पश्चिमेकडून येतो. आमच्या खुराड्याची एकुलती एक खिडकी नेमकी त्याच बाजूला होती. मात्र पूर्वेच्या फळीवरही खालच्या दोन रेघा गेल्या होत्या आणि हे कोडे उलगडायला भर पावसात छत्री घेऊन उकिडवे बसावे लागले. छप्पर भिंतीच्या बाहेर फक्त चार बोटे आलेले होते. त्याच्या पागोळ्या खुराड्याला लागूनच लादीवर पडत आणि तिथून उडालेले शिंतोडे फळीवर ९ इंचांपर्यंत चढत. ती फळी हाताने चाचपली तेव्हा बोटाच्या दाबाने तिचा पोपडा निघाला, इतकी ती आतून कुजली होती.

आतली हवा तपासायला अगरबत्ती पुरते. कोंबड्या बाहेर असताना, दार लावून, कोंबड्या रात्री ज्या दांडीवर बसतात तिच्या उंचीवर अगरबत्ती धरावी. धूर सरळ वर जाऊन छपराखाली सरकत बाहेर पडत असेल तर ठीक. तो तिथेच घोटाळत राहिला तर रात्रभर कोंबड्यांचा श्वासही तिथेच घोटाळतो. वासाची परीक्षाही उभ्याने करू नये. सकाळी दार उघडण्याआधी खाली वाका, नाक कोंबडीच्या उंचीला न्या आणि मगच श्वास घ्या. आपण उभे असताना ज्या खुराड्याला वास नाही असे वाटते, तिथे जमिनीलगत डोळे चुरचुरतात. माणसाच्या नाकाला वासाची सवय लवकर होते, म्हणून घरातल्या रोजच्या माणसाऐवजी पाहुण्याला विचारलेले अधिक बरे.

भुश्यासाठी मुठीची परीक्षा आहे. मूठभर भुसा घट्ट दाबून मूठ उघडावी. तो किंचित चिकटून लगेच सुटा झाला तर योग्य, लाडू वळला गेला तर फार ओला, आणि नुसती धूळ उडाली तर फार कोरडा. चांगल्या भुश्यात २० ते २५ टक्क्यांच्या आसपास ओलावा असतो आणि तो ३० टक्क्यांच्या वर गेला की ढेपा होऊ लागतात.

या हवेत कसे घर निवडावे

आईचे माहेर दिवाळ्याचे. तिच्या लहानपणी कोंबड्यांना वेगळे घर नव्हते. रात्री त्यांना बांबूच्या डालग्याखाली झाकत आणि डालगे ओटीवर, खोल वळचणीच्या आत असे. आमची सारी तपासणी ऐकून ती एवढेच म्हणाली, “कोंबरीला वारा चालतो रं, पानी नाय चालत.” मला त्यातून नव्या खुराड्याचा नकाशाच मिळाला. डालग्याला सगळीकडून फटी होत्या आणि त्याच्यावरचे छप्पर त्याच्या कितीतरी बाहेर गेलेले होते. बाजारात मिळणारी बहुतेक तयार खुराडी याच्या उलट असतात: बंद भिंती आणि आखूड छप्पर. ती थंड प्रदेशातल्या नमुन्यांवरून बनवलेली असतात. तिथे थंडीपासून बचाव महत्त्वाचा असतो. आपल्याकडे जानेवारीतल्या सर्वांत गार रात्रीसुद्धा पिसे भरलेल्या मोठ्या कोंबडीला भिंतींची गरज पडत नाही. लहान पिल्लांची गोष्ट वेगळी, त्यांना पहिले काही आठवडे ऊब द्यावीच लागते.

म्हणून निवड करताना आधी छप्पर पाहावे. आमच्या नव्या खुराड्याचा तळ ६ फूट बाय ४ फूट आहे, परंतु छपराचा पत्रा पश्चिम आणि दक्षिण बाजूंना ३ फूट आणि उरलेल्या बाजूंना दीड फूट बाहेर काढला आहे. छपराचा उतार पूर्वेकडे, परसातल्या गटाराच्या बाजूला आहे, म्हणजे पागोळ्या थेट गटाराजवळ पडतात, आणि जिथे त्या पडतात तिथे लादीवर खडीचा पट्टा पसरला आहे, त्यामुळे शिंतोडे उडत नाहीत. खडीचा हा पट्टा अगदी स्वस्तातला उपाय आहे आणि ज्यांना खुराडे बदलता येत नाही त्यांनी निदान एवढे तरी आजच करावे.

तळ जमिनीपासून १ फूट उंच, विटांच्या जोत्यावर आहे. जोत्यात भर घालून वर कोबा केला, कोब्याखाली जाड प्लॅस्टिक अंथरले आणि दाराकडे किंचित उतार ठेवला. लाकडी खुराडे ठेवायचे असेल तर त्याला निदान दीड फूट उंचीचे लोखंडी किंवा सिमेंटचे पाय हवेत आणि खालून वारा वाहता राहिला पाहिजे. प्लायवूड आणि दाबलेल्या भुश्याच्या फळ्या मात्र अजिबात घेऊ नयेत. आपल्या पावसात त्या फुगतात, थर सुटतात आणि त्या थरांमध्ये रक्त शोषणारे बारीक किडे घर करतात. हे किडे दिवसा फटीत लपतात आणि रात्री कोंबड्यांवर चढतात, म्हणून दिवसा पाहून काहीच सापडत नाही. रात्री बॅटरी घेऊन दांडीची खालची बाजू आणि तिचे सांधे पाहावे लागतात.

भिंतींविषयी आमचा निर्णय असा: पश्चिम आणि दक्षिण बाजूंना २ फूट उंचीपर्यंत विटांची भिंत, त्यावर जाळी, उत्तर आणि पूर्व बाजूंना जोत्यापासून छपरापर्यंत जाळीच. वादळी रात्रीसाठी पश्चिमेला गुंडाळी करता येणारी ताडपत्री आहे, परंतु ती पूर्ण सोडली तरी छपराखाली ९ इंचांची फट मोकळी राहील अशी बांधली आहे. गरम, ओली हवा वर चढते, तिला जायला वाट वरच हवी, कोंबड्यांच्या डोक्याच्याही वर. बसल्या कोंबडीच्या अंगावर थेट झोत येईल अशी खालची खिडकी उपयोगाची नाही.

जागेचा हिशेब नेहमी आतल्या तळावर करावा. रात्री आणि पावसाळी दिवसांत आत राहणाऱ्या प्रत्येक मोठ्या कोंबडीला ३ ते ४ चौरस फूट धरावेत, अंडी घालायची खोकी त्यात मोजू नयेत. या मापाने आमच्या जुन्या ८ चौरस फुटांच्या खुराड्यात दोन, फार तर तीन कोंबड्या मावत होत्या आणि आम्ही सहा ठेवल्या होत्या. तयार खुराडे घेताना जाहिरातीतला आकडा बाजूला ठेवून टेप घेऊन जावे. आतली लांबी आणि रुंदी स्वतः फुटांत मोजावी, त्यांचा गुणाकार करावा, मग ४ ने भागावे. बाहेर फिरण्यासाठी प्रत्येकीला आणखी ८ ते १० चौरस फूट मिळाले तर उत्तम. पावसाळ्यात ही जागाही निदान निम्मी छपराखाली असावी, नाहीतर कोंबड्या दिवसभर आतच बसतात आणि रात्रीच्या निम्म्या विष्ठेबरोबर दिवसाची निम्मीही आतच पडते.

दांडी आणि तिच्याखालची फळी

नव्या खुराड्यात ज्या एका गोष्टीने सर्वांत मोठा फरक पडला ती म्हणजे दांडीखालची फळी. कोंबड्या रात्रभर एकाच जागी बसतात, त्यामुळे त्यांची रात्रीची विष्ठा एका सरळ रेषेत पडते. दांडीच्या खाली ६ इंचांवर, दीड फूट रुंद, गुळगुळीत सिमेंट शीटची फळी आडवी बसवली आणि तिच्यावर चाळलेल्या राखेचा पातळ थर दिला. सकाळी कोंबड्या सोडल्या की गवंड्याची थापी घेऊन ती फळी खरवडायची, बादलीत काढायची, पुन्हा मूठभर राख भुरभुरायची. तीन मिनिटांचे काम. रोज सुमारे ३०० ग्रॅम ओला माल खुराड्याबाहेर जातो, आणि जुलै-ऑगस्टच्या दोन महिन्यांत हाच माल १८ ते २० किलो भरतो. पूर्वी हे सारे भुश्यात मिसळत होते. आता ती बादली सुका पाला आणि नारळाच्या शेंड्या यांच्याबरोबर खताच्या पिंपात जाते. ताजी विष्ठा थेट कुंडीत घालू नये, मुळे जळतात.

दांडी २ इंच जाडीची, कडा गोल केलेली आणि लाकडाची असावी. लोखंडी पाइपवर पकड बसत नाही आणि तो तापतोही. एका कोंबडीला ८ ते १० इंच जागा धरावी. उंचीबाबत दोन बंधने आहेत. दांडी अंड्यांच्या खोक्यांपेक्षा उंच हवी, अन्यथा कोंबड्या उंच जागा म्हणून खोक्यातच झोपतात आणि अंडी मळतात. दुसरीकडे गिरिराज, वनराज अशा जड जातींना फार उंचावरून उड्या मारायला लावल्या तर पायांना इजा होते. आम्ही दांडी २ फुटांवर आणि खोकी १ फुटावर ठेवली आहेत. सहा जणींना दोन खोकी पुरतात, प्रत्येक साधारण १२ ते १४ इंच लांबरुंद आणि काहीशा अंधाऱ्या बाजूला. त्यात भाताचा पेंढा घालतो आणि तो दर आठवड्याला बदलतो.

तळावर ४ इंच भुसा असतो, लाकडाचा आणि भाताच्या तुसाचा निम्मा-निम्मा. सुताराकडून आणताना तो प्लायवूडचा किंवा पॉलिश केलेल्या लाकडाचा नाही याची खात्री करून घ्यावी. दोन-तीन दिवसांनी पंजाने हलवायचा, ढेप दिसली की उचलून फेकायची. भुश्याचा साठा मे महिन्यातच भरून ठेवावा, कारण जुलैत मिळणारा भुसा विक्रेत्याकडेच भिजलेला असतो आणि बुरशी लागलेल्या भुश्याने कोंबड्यांची फुप्फुसे बिघडतात. पाण्याचे भांडे आत ठेवत नाही. ते छपराखाली, खडीच्या पट्ट्यावर, कोंबडीच्या पाठीच्या उंचीला विटांवर असते.

आणखी एक गोष्ट मी फार उशिरा शिकलो. आत उभे राहता येईल असे खुराडे असावे. आमचे नवे खुराडे पुढून साडेसहा आणि मागून साडेपाच फूट उंच आहे. जुन्या खुराड्याच्या वीतभर दारातून हात घालून कोपरा साफ करणे इतके त्रासाचे होते की ते काम चार-चार दिवस टळत असे, आणि पावसाळ्यात चार दिवस पुष्कळ होतात. ज्यांच्याकडे एवढी उंची शक्य नाही त्यांनी निदान छप्पर किंवा एक संपूर्ण बाजू उघडेल असे खुराडे घ्यावे.

उघड्या खुराड्याला जनावरांची भीती

जाळीचे खुराडे म्हटले की पहिला प्रश्न मांजर, घूस आणि मुंगूस यांचा येतो आणि तो रास्त आहे. षट्कोनी छिद्रांची पातळ कोंबडीजाळी कोंबडीला आत ठेवण्यापुरती असते. घूस ती कुरतडते, कुत्रा ओढून फाडतो. आम्ही अर्ध्या इंचाची वेल्ड केलेली जाळी लावली आहे आणि ती खिळ्यांऐवजी पट्टी व स्क्रूने बसवली आहे. खाडीकाठच्या सगळ्या गावठाणांत घुशींचा सुळसुळाट आहे आणि त्या खालून येतात, म्हणून कोबा आवश्यक ठरतो. मातीचा तळ असेल तर जाळीचाच एक दीड फुटी पट्टा खुराड्याच्या बाहेर जमिनीवर आडवा अंथरून त्यावर माती आणि दगड टाकावेत. उकरणारे जनावर भिंतीलगतच उकरायला बसते आणि त्याला जाळी लागते. दाराला नुसती कडी पुरत नाही, वर आणि खाली अशा दोन हव्यात. ठाण्यात येऊरच्या डोंगराच्या पायथ्याच्या वस्तीत बिबट्याही येतो, तिथे कोंबड्या रात्री लोखंडी चौकटीच्या खुराड्यात आणि घराला लागूनच ठेवाव्यात. सापांचे मुख्य आकर्षण अंडी, पिल्ले आणि उंदीर. सांडलेले खाद्य रोज संध्याकाळी झाडून काढले की उंदीर कमी होतात.

उन्हाळ्यात या घराचा फायदा आम्हाला न मागता मिळाला. जुन्या बंद पेटीत मे महिन्याच्या दुपारी कोंबड्या चोच उघडून, पंख अंगापासून सोडवून धापा टाकत. आता पत्र्यावर झावळ्यांची झापे टाकतो आणि चारही बाजूंनी वारा असतो. खुराड्याची लांबी पूर्व-पश्चिम ठेवली की दुपारचे ऊन आत कमी शिरते.

खुराडे निर्दोष असतानाही लक्षणे दिसली तर

कोरड्या, हवेशीर खुराड्यातही शिंका सुरू झाल्या, चेहरा सुजला, हिरवट पातळ विष्ठा दिसली, मान वाकडी झाली किंवा एकाएकी मृत्यू झाले तर घर बदलत बसू नये. राणीखेतसह अनेक रोग असू शकतात आणि पशुवैद्यांना त्याच दिवशी दाखवावे. विष्ठेत रक्त दिसले तर रक्ती हगवणीचा संशय घ्यावा. तिचे परोपजीवी ओल्या, उबदार भुश्यात एक-दोन दिवसांत संसर्गक्षम होतात, म्हणून तिथे औषध आणि कोरडा भुसा दोन्ही लागतात. २०२२ च्या फेब्रुवारीत आपल्याच ठाणे जिल्ह्यात, शहापूर तालुक्यातल्या वेहळोलीत बर्ड फ्लू आढळला होता. आमच्या डोक्यावरून खाडीतले पाणपक्षी रोज जातात आणि जंगली पक्ष्यांच्या विष्ठेतून हा विषाणू पसरू शकतो, म्हणून खाद्य-पाण्याच्या जागेवर जाळीऐवजी भरीव छप्परच असावे आणि एकापाठोपाठ कोंबड्या मेल्या तर त्या कचऱ्यात न टाकता पशुसंवर्धन विभागाला कळवावे.

अंड्यांची संख्या मात्र खुराड्याच्या गुणवत्तेचा पुरावा मानू नये. ढगाळ दिवसांत उजेड कमी पडतो, काही कोंबड्या त्याच सुमारास पिसे झाडतात, एखादी खुडूक, म्हणजे अंडी देणे थांबवून उबवायला बसते. नव्या खुराड्यातही जुलै-ऑगस्टमध्ये आमची अंडी कमीच होतात. फरक एवढा की ती स्वच्छ असतात.

नव्या खुराड्याला आता दोन पावसाळे झाले. या दोन वर्षांत शिंकांसाठी औषध द्यावे लागले नाही. नैऋत्येचा कोपरा अजून पूर्ण सुधारलेला नाही. सलग तीन-चार दिवस जोराचा वारा राहिला की तिथला हातभर भुसा मुठीत लाडू धरतो आणि तेवढाच काढून बदलावा लागतो. येत्या मे महिन्यात त्या कोपऱ्यावर पत्र्याची आणखी एक दीड फुटी पट्टी खाली झुकवून लावणार आहे आणि आतल्या भिंतीवर पुन्हा खडूच्या रेघा मारून ठेवणार आहे.